काट्याच्या वजनात '१' घुसतो कुठून: यूएसबी-सिरीयल अडॅप्टरचे मेसेज

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूर बाजार समितीत कांद्याच्या एका आडतीवर इलेक्ट्रॉनिक काटा आहे. त्याच्या इंडिकेटरमागच्या (वजन दाखवणाऱ्या डब्यामागच्या) आरएस-२३२ या जुन्या धाटणीच्या सिरीयल पोर्टमधून वजन सतत बाहेर पडतं. ते यूएसबी-सिरीयल अडॅप्टरने अँड्रॉइड टॅब्लेटवर घेऊन थेट पट्टीवर छापायचं, असं ॲप तुम्ही लिहिताय. तीन अडॅप्टर लावून पाहिलेत. पीएल२३०३ चिपवाला नीट चालतो. एफटी२३२आर वाल्यात वजनाच्या मधोमध कधीतरी एक जादा '१' येतो आणि ५२.४५ किलोचं पोतं ५२१.४५ किलोचं होतं. सीएच३४० वाल्यात वजन अडकून बसतं आणि आलं की चार-चार एकदम येतं. लॅपटॉपवर मात्र तिन्ही अडॅप्टर गुण्यागोविंदाने चालतात. ड्रायव्हर या अडॅप्टरांशी नेमका कुठल्या स्वरूपाच्या मेसेजमध्ये बोलतो आणि त्याचं एकच प्रमाण (स्टँडर्ड) का नाही, असं तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. प्रमाण आहे, पण ते पाळायची सक्ती कुणावर नाही. यूएसबीच्या कम्युनिकेशन डिव्हाइस क्लासमध्ये, म्हणजे सीडीसीमध्ये, मोडेमसाठी एसीएम नावाचा प्रकार १९९० च्या दशकातच ठरला. त्यात बॉड रेट (सेकंदाला किती बिट) कसा पाठवायचा, डीटीआर ('मी तयार आहे' सांगणारी तार) कसा वर करायचा हे सगळं लिहिलेलं आहे. तरीही एफटीडीआय (एफटी२३२आर बनवणारी), सिलिकॉन लॅब्ज, डब्ल्यूसीएच (सीएच३४० बनवणारी) या कंपन्यांच्या नेहमीच्या अडॅप्टर चिपांनी आपापले वेगळे मेसेज ठेवले. पीएल२३०३ बनवणाऱ्या प्रोलिफिकने अर्धं प्रमाण घेतलं, अर्धं स्वतःचं घातलं. माल एकच, भाव एकच, पण प्रत्येक आडतीच्या पट्टीवर रकान्यांचा क्रम निराळा, असा हा प्रकार आहे. तारेच्या पलीकडे काट्याला यातलं काही कळत नाही. त्याच्याकडे जाते ती साधी आरएस-२३२.

लॅपटॉपवर तुम्ही कॉम पोर्ट उघडता तेव्हा हे सगळं भाषांतर ऑपरेटिंग सिस्टिममधला ड्रायव्हर गुपचूप करतो. अँड्रॉइडवर साध्या ॲपला तो ड्रायव्हर सहसा मिळत नाही. यूएसबी मॅनेजरकडून परवानगी घ्यायची आणि कंट्रोल ट्रान्सफर (चिपला हुकूम), बल्क ट्रान्सफर (डेटाची ने-आण) स्वतः मारायचे. म्हणजे तुमचं ॲप हाच ड्रायव्हर. तुमच्या कोडमध्ये एफटी२३२आर आणि सीएच३४० साठी बॉड रेट लावायच्या ओळी आहेत, पण येणारा डेटा तिन्ही चिपांसाठी एकाच फंक्शनमधून वाचलाय. गडबडीची सुरुवात तिथे आहे.

आता मेसेजचा सांगाडा. इथून पुढे बाइटांचे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, आहेत. दशमान आकडा कुठला हे वाक्यावरून कळेलच.

अडॅप्टरला काहीही 'सांगायचं' असेल तर ते एंडपॉइंट शून्यावरून (एंडपॉइंट म्हणजे चिपमधलं डेटा येण्याजाण्याचं दार), कंट्रोल ट्रान्सफरने जातं. प्रत्येक कंट्रोल ट्रान्सफरच्या सुरुवातीला आठ बाइटांचं सेटअप पॅकेट असतं. पहिला बाइट रिक्वेस्ट टाइप: दिशा कुठली, रिक्वेस्ट प्रमाणातली की कंपनीची खासगी, आणि ती अख्ख्या डिव्हाइससाठी की एका इंटरफेससाठी. दुसरा बाइट रिक्वेस्ट क्रमांक. मग दोन बाइट व्हॅल्यू, दोन बाइट इंडेक्स, दोन बाइट लेंग्थ. दोन बाइटांचे आकडे खालचा बाइट आधी अशा क्रमाने जातात. लेंग्थ शून्य नसेल तर मागून तितके बाइट डेटा जातो किंवा येतो. इतकंच. सगळ्या चिपांचा सांगाडा हाच, कारण तो यूएसबीचाच आहे. फरक आहे तो व्हॅल्यू आणि इंडेक्समध्ये कोण काय भरतं यात.

सीडीसीमध्ये बॉड रेट, पॅरिटी (चूक पकडायला अक्षरामागे जोडलेला जादा बिट) वगैरे सगळं एकाच मेसेजमध्ये जातं. सेट लाइन कोडिंग, रिक्वेस्ट २०. सेटअप पॅकेट असं:

२१ २० ०० ०० ०० ०० ०७ ००

मागून सात बाइट. पहिले चार म्हणजे बॉड रेट, सरळ संख्या. मग स्टॉप बिट (० म्हणजे एक, १ म्हणजे दीड, २ म्हणजे दोन), मग पॅरिटी (० नाही, १ विषम, २ सम, ३ मार्क, ४ स्पेस), शेवटी डेटा बिट. ९६०० बॉड, ७ डेटा बिट, सम पॅरिटी, १ स्टॉप बिट असेल तर:

८० २५ ०० ०० ०० ०२ ०७

पीएल२३०३ हेच सात बाइट जसेच्या तसे घेतो. फक्त त्याआधी त्याला काही खासगी वाचन-लेखन करून जागं करावं लागतं. ते लिनक्सच्या ड्रायव्हरमधून उतरवून घ्या, डोकं लावण्यासारखं त्यात काही नाही. येणारा डेटाही तो शुद्ध देतो, पुढेमागे काही चिकटवत नाही. म्हणून तुमचं सामायिक वाचन-फंक्शन त्याच्यावर नीट चालतं. त्यात तुमच्या कोडचं कौतुक नाही, चिप साधी आहे.

सिलिकॉन लॅब्जच्या सीपी२१०एक्स घराण्यात हीच माहिती दोन मेसेजमध्ये फुटते. आधी इंटरफेस चालू करायची रिक्वेस्ट ००, ती विसरलात तर पुढचं काहीच घडत नाही. मग बॉड रेटसाठी रिक्वेस्ट १ई, चार बाइट डेटासकट. बाकीचं रिक्वेस्ट ०३ मध्ये, तेही डेटा न पाठवता, व्हॅल्यूतच कोंबून: खालचे चार बिट स्टॉप, त्यावरचे चार पॅरिटी, वरचा अख्खा बाइट डेटा बिट. वरच्याच सेटिंगसाठी व्हॅल्यू ०७२०.

एफटीडीआयमध्ये रिक्वेस्ट ०४, व्हॅल्यूचा खालचा बाइट डेटा बिट, त्यावर तीन बिट पॅरिटी, त्यावर दोन बिट स्टॉप. तेच सेटिंग इथे ०२०७ होतं. सीपीचं ०७२० आणि एफटीडीआयचं ०२०७. एका चिपचा कोड दुसऱ्यात डकवणाऱ्याची हमखास फसगत व्हावी अशीच ही जोडी आहे. सीएच३४० ला डेटा बिटांचा आकडाच लागत नाही. त्याच्या लाइन कंट्रोल रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या सेटिंगच्या कप्प्यात, बिट पेटवायचे असतात: घेणं चालू ८०, पाठवणं चालू ४०, सम १०, पॅरिटी चालू ०८ आणि सात डेटा बिटांसाठी ०२. बेरीज डीए.

यावरून एक गोष्ट माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला मी सांगते. ड्रायव्हर ८-एन-१ वर, म्हणजे आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट यावर तपासू नका. त्या सेटिंगमध्ये पॅरिटीही शून्य आणि स्टॉपही शून्य. दोघांची जागा अदलाबदल झाली तरी चालतं, पॅरिटीचं खातं लिहायचंच राहिलं तरी चालतं. वर्षभर बिनबोभाट चालतं आणि मग एखाद्या कारखान्यात ७-ई-१ वाला (सात बिट, सम पॅरिटी, एक स्टॉप बिट) जुना इंडिकेटर निघतो. तपासायचं ते ७-ई-१ वर, जमल्यास दोन स्टॉप बिटांसकट.

आणि इंडिकेटर ७-ई-१ वर असताना अडॅप्टर ८-एन-१ वर राहिला, तर ते ओळखायची एक भारी खूण आहे. दोन्हीकडे एका अक्षराला दहाच बिट लागतात, त्यामुळे फ्रेमिंग एरर (स्टॉप बिट जागेवर न सापडणं) येत नाही, सगळं सुरळीत वाटतं. पण काट्याने जोडलेला पॅरिटी बिट तुमच्याकडे आठवा डेटा बिट म्हणून येतो. '१' चा कोड ३१, त्यात एकाचे बिट तीन, म्हणून सम करायला वरचा बिट पेटतो आणि तुम्हाला बी१ मिळतो. '३' चा कोड ३३, त्यात चार, म्हणून तो शाबूत राहतो. हिशोब केला तर ०, ३, ५, ६, ९ स्वच्छ दिसतात आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी कचरा येतो. स्क्रीनवर असे निम्मे आकडे धड आणि निम्मे बिघडलेले दिसले, तर केबल बदलत बसू नका, पॅरिटी लावा.

आता तुमच्या '१' कडे. हा भाग सावकाश वाचा.

एफटी२३२आर कडून येणाऱ्या बल्क पॅकेटात पहिले दोन बाइट डेटा नसतात, ते स्टेटस असतात. नेहमीच, प्रत्येक पॅकेटात. पहिला बाइट मोडेम स्टेटस, म्हणजे पलीकडून येणाऱ्या सीटीएस, डीएसआर वगैरे इशाऱ्याच्या तारांची स्थिती: १० म्हणजे सीटीएस वर, २० म्हणजे डीएसआर, ४० रिंग, ८० कॅरियर, आणि तळाचा ०१ हा कायम पेटलेला. दुसरा बाइट लाइन स्टेटस: ०२ ओव्हररन, ०४ पॅरिटी एरर, ०८ फ्रेमिंग एरर, १० ब्रेक, आणि पाठवायचं काही शिल्लक नसेल तर २० व ४० पेटलेले, म्हणजे ६०. म्हणून मोकळ्या बसलेल्या एफटीडीआय चिपकडून ०१ ६० असे दोन बाइट येत राहतात. डेटा नसला तरी येतात, कारण चिपमध्ये लेटन्सी टायमर आहे, मुळात १६ मिलिसेकंदांचा. पॅकेट भरो न भरो, टायमर संपला की जे असेल ते पाठवायचं. काही नसेल तर नुसते हे दोन बाइट. तुमच्या कोडमध्ये वाचनातून दोन बाइट आले की 'डेटा आला' अशी नोंद होतेय. ती नोंद 'डेटा नाही' अशी वाचायला हवी.

तुमच्या काट्याची चौकट, म्हणजे एका वजनाचा मेसेज, आठ बाइटांची आहे: एसटीएक्स (सुरुवातीची खूण), सहा आकडे, ईटीएक्स (शेवटची खूण). ५२.४५ किलोसाठी ०२ ३० ३० ३५ ३२ ३४ ३५ ०३. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० बाइट, म्हणजे १६ मिलिसेकंदांत साधारण पंधरा. एक चौकट सव्वाआठ मिलिसेकंदांत येते. काटा दोन वजनांमध्ये जरा थांबतो. म्हणून कधी अख्खी चौकट एकाच पॅकेटात बसते, तर कधी टायमर मधोमध संपतो आणि ती दोन पॅकेटांत तुटते. तुटली की हे असं येतं:

३१ ६० ०२ ३० ३० ३५ ३२
३१ ६० ३४ ३५ ०३

स्टेटस ०१ ऐवजी ३१ का? तुमच्या केबलच्या कनेक्टरमध्ये ७ आणि ८ जोडलेत, ४ आणि ६ जोडलेत, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे आपलाच आरटीएस (डीटीआरसारखीच बाहेर जाणारी इशाऱ्याची तार) आपल्याच सीटीएसवर आणि आपलाच डीटीआर आपल्याच डीएसआरवर. ॲप सुरुवातीला दोन्ही वर करतं, त्यामुळे १० आणि २० दोन्ही पेटतात. ०१, १० आणि २० मिळून ३१. आणि ३१ हा अक्षर '१' चाच कोड! तुम्ही एसटीएक्स ते ईटीएक्समधलं घेऊन आकड्याखेरीज सगळं गाळता. पहिलं स्टेटस एसटीएक्सच्या आधी येतं म्हणून सुटतं. दुसऱ्यातला ६० आकडा नाही, तो गळतो. ३१ मात्र इमानदार आकडा बनून आत बसतो: ००५२१४५. शंभराने भागलं की ५२१.४५.

हा '१' म्हणजे काट्याचा दोष नाही, अडॅप्टरचाही नाही आणि बाजारातल्या विजेचाही नाही.

यावर नेटवर मिळणारा झटपट उपाय म्हणजे '०१ ६०' शोधून पुसून टाकणं. तसं करू नका. केबल बदलली की तो ३१ ६० किंवा ११ ६० होतो, पाठवण्याच्या ऐन वेळी दुसरा बाइटही बदलतो, आणि बायनरी बोलणारं एखादं यंत्र खराखुरा डेटा म्हणूनही हे दोन बाइट पाठवू शकतं. स्टेटस काढायचं ते किमतीवरून नाही, जागेवरून. एका वाचनात आलेल्या बफरचे एंडपॉइंटच्या कमाल पॅकेट मापाएवढे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याचे पहिले दोन बाइट सोडा. एफटी२३२आर ला हे माप ६४, म्हणजे खरा डेटा ६२. हाय-स्पीड चिपांना ५१२, म्हणजे ५१०. आकडा कोडमध्ये कोरू नका, एंडपॉइंट डिस्क्रिप्टरमधून वाचा. फक्त बफरच्या सुरुवातीचे दोन बाइट काढणारा कोडही मी पाहिलाय. हळू येणाऱ्या डेटावर तो खपून जातो, पण बॉड रेट वाढला आणि एका वाचनात दोन पॅकेटं आली की दुसऱ्याचं स्टेटस आत राहतं.

सोडलेले बाइट फेकून मात्र देऊ नका. दुसऱ्या बाइटातले ०४ आणि ०८ हे पॅरिटी व फ्रेमिंगचे बिट पेटले असतील तर ते वजन पट्टीवर छापायचं नाही. शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब आहे, तिथे 'बहुतेक बरोबर' चालत नाही. सीडीसीवाल्या चिपा हीच माहिती वेगळ्या इंटरप्ट एंडपॉइंटवर, सिरीयल स्टेट नावाच्या दहा बाइटांच्या सूचनेत देतात: आठ बाइटांचं डोकं आणि दोन बाइटांचे बिट. गंमत म्हणजे त्या प्रमाणात कॅरियर, डीएसआर, ब्रेक, रिंग, एरर सगळं आहे, पण सीटीएसला जागाच नाही. प्रोलिफिकने मग त्याच बाइटातल्या मोकळ्या ८० बिटावर सीटीएस बसवला. कंपन्या प्रमाण का मोडतात याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

एफटीडीआयचा बॉड रेटही बघून घ्या, कारण तिथे सरळ संख्या जात नाही, भाजक जातो. ३० लाख भागिले हवा तो बॉड. ९६०० साठी ३१२.५. पूर्णांक ३१२ म्हणजे हेक्समध्ये १३८, आणि अर्ध्यासाठी (शून्यापासून मोजून) चौदावा बिट पेटवायचा, म्हणजे ४१३८. सेटअप पॅकेट:

४० ०३ ३८ ४१ ०० ०० ०० ००

अपूर्णांक एक-अष्टमांशाच्या पटीत चालतात, पण त्यांचे कोड क्रमवार नाहीत: अर्ध्याला १, पावाला २, एक-अष्टमांशाला ३, तीन-अष्टमांशाला ४, आणि पुढचे पाच, सहा, सात अष्टमांश आपापल्या आकड्यांना. कोडचा सर्वात वरचा, तिसरा बिट व्हॅल्यूत मावत नाही, तो इंडेक्समध्ये जातो. १,१५,२०० बॉडला भाजक २६.०४ येतो, त्याचा २६ धरला की प्रत्यक्ष वेग साधारण ०.१६ टक्के जास्त पडतो. आरएस-२३२ मध्ये एवढं सहज खपतं.

आता सीएच३४०. चार-चार वजनं एकदम का येतात? या चिपचा बल्क एंडपॉइंट ३२ बाइटांचा आहे. तुमची चौकट आठ बाइटांची. आठ चोक बत्तीस. एका विशिष्ट बिटाला हात लावला नाही तर ही चिप ३२ बाइट भरेपर्यंत डेटा आपल्याकडेच दाबून ठेवते. तो बिट बॉड रेटच्याच मेसेजमध्ये लपलाय. सीएच३४० मध्ये रिक्वेस्ट ९ए म्हणजे रजिस्टर लिहिणं. व्हॅल्यूत एकाच वेळी दोन रजिस्टरांचे क्रमांक आणि इंडेक्समध्ये त्या दोघांच्या किमती. बॉडसाठी व्हॅल्यू १३१२: रजिस्टर १२ मध्ये प्रीस्केलर (आधीचा ढोबळ भागाकार), रजिस्टर १३ मध्ये भाजक. ९६०० ला इंडेक्स बी२०२ येतो, तुमच्या कोडमध्येही तोच आहे आणि वेग त्याने बरोबर लागतो. पण प्रीस्केलरच्या बाइटातला सर्वात वरचा, ८० चा बिट पेटवायला हवा. तेव्हा बी२८२ पाठवा. चिप डेटा दाबून ठेवायची थांबते.

एक फाटा आहे. आवृत्ती २७ दाखवणाऱ्या निदान एका चिपमध्ये हाच बिट उलटा वागतो असं लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये नोंदवलंय, म्हणून तिथे २७ च्या वरच्या आवृत्तींनाच तो लावतात. रिक्वेस्ट ५एफ ने आवृत्ती आधी वाचा आणि तीच अट घाला. पॅरिटीचं रजिस्टर, व्हॅल्यू २५१८, हेही ३० आणि त्यापुढच्या आवृत्तींवरच भरवशाचं. नव्या पेठेत किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त अडॅप्टरवर बाहेरून काय लिहिलंय याला अर्थ नसतो, आत कुठली चिप आहे ते व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांकावरून बघा: एफटी२३२आर चा ०४०३:६००१, पीएल२३०३ चा ०६७बी:२३०३, सीपी२१०२ चा १०सी४:ईए६०, सीएच३४० चा १ए८६:७५२३.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. घरच्या लॅपटॉपवर लिनक्स असेल तर यूएसबीमॉन (यूएसबीवरची देवाणघेवाण टिपणारी सोय) चालू करा, अडॅप्टर लावा, पोर्ट उघडा आणि ड्रायव्हर काय पाठवतो ते उघड्या डोळ्यांनी बघा. एफटीडीआयला ९६०० लावताना असली ओळ दिसते:

एस सीओ:१:००५:० एस ४० ०३ ४१३८ ०००० ०००० ०

सीओ म्हणजे कंट्रोल, बाहेर जाणारा. १ ही बस, ००५ हा डिव्हाइस, ० हा एंडपॉइंट. दुसऱ्या 'एस' पुढे सेटअप पॅकेटचे पाच रकाने, इथे व्हॅल्यू सरळ वाचता येते, बाइटांची उलटापालट मनात करावी लागत नाही. लॅपटॉपवर चालतंय आणि टॅब्लेटवर नाही, अशा वेळी दोन्हीकडच्या ओळी शेजारी ठेवल्या की फरक बोट ठेवून दाखवता येतो. कर्नलच्या सोर्समध्ये ड्रायव्हर्स, यूएसबी, सिरीयल या फोल्डरात प्रत्येक चिपची वेगळी फाइल आहे. माहितीपत्रकं वाचा, पण वाद झाला तर मी त्या फाइलींवर विश्वास ठेवते, कारण बाजारातल्या खऱ्याखोट्या सगळ्या चिपा त्यांनी झेलल्यात.

तिथली रचनाही उचलण्यासारखी आहे. सामायिक भाग एक, आणि प्रत्येक चिपसाठी मोजकी फंक्शनं: सेटिंग लावणारं, डीटीआर-आरटीएस हलवणारं, आणि आलेल्या पॅकेटातून खरा डेटा वेगळा काढणारं. तुमच्या कोडमध्ये हे तिसरं नाही. ते घाला. चौकट जुळवणारा भाग मात्र या सगळ्याच्या वर, चिपशी संबंध नसलेला ठेवा: बाइट येतील तसे साठवायचे, एसटीएक्स दिसला की सुरुवात, ईटीएक्स दिसला आणि मध्ये बरोबर सहा आकडे असले तरच वजन. तुमच्या गाळणीऐवजी ही मोजणी असती तर सात आकड्यांची चौकट तिथेच बाद झाली असती आणि ५२१ किलोचं पोतं छापलं गेलं नसतं. एक वाचन म्हणजे एक वजन, असं कधीही धरू नका.

वाचनाचा बफर कमाल पॅकेट मापाच्या पटीत घ्या. त्याहून लहान दिला आणि चिपने मोठं पॅकेट पाठवलं तर अख्खं वाचनच एरर देतं. फार मोठाही नको, अँड्रॉइड ९ च्या आधी एका बल्क ट्रान्सफरला १६,३८४ बाइटांची मर्यादा होती आणि आडतींवर जुने टॅब्लेट भरपूर आहेत. लेटन्सी टायमर रिक्वेस्ट ०९ ने एक मिलिसेकंदापर्यंत खाली आणता येतो, पण वजनकाट्याला त्याची गरज नाही. टायमर कमी केला म्हणजे '१' जाईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. उलट चौकटी जास्त वेळा तुटतील.

अजून एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण आडतीवर ती येणारच. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात यंत्रमागांचं उत्पादन मोजणारी यंत्रणा मी बघते. तिथे मोठ्या मोटरचा कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) पडला की अडॅप्टर क्षणभर यूएसबीवरून गायब होऊन परत यायचा. परत येतो तेव्हा तो चिपसाठी नवा जन्म असतो: बॉड, पॅरिटी, डीटीआर सगळं मूळपदावर. सॉफ्टवेअर मात्र जुनाच हँडल धरून वाट बघत बसायचं, आणि पाळीवरचा माणूस वायर काढून घालायचा. परत जोडलं गेल्याची सूचना आली की पोर्ट नव्याने उघडायचं आणि कंट्रोल मेसेजची अख्खी रांग, पहिल्यापासून, पुन्हा पाठवायची. निम्मे मेसेज 'आधी पाठवलेत' म्हणून वगळणारा कोड इथे नेमका आपटतो. बाजार समितीत वीज जाते-येते, टॅब्लेटच्या यूएसबीचा करंट तोकडा असतो, त्यामुळे हे तुमच्याकडेही घडणार असं धरूनच चला.

कारखान्यात यावर आम्ही काटा आणि अडॅप्टर यांच्यामध्ये ऑप्टो आयसोलेटर (तारा न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणारा) घातला. तुम्हीही घाला, पण एक गोष्ट जाणून. हे छोटे आयसोलेटर वेगळी वीज घेत नाहीत, ते अडॅप्टरच्या डीटीआर आणि आरटीएस तारांवर जगतात. दोन्ही वर केले नाहीत तर वजन येतच नाही आणि माणूस बॉड रेट तपासत बसतो. प्रत्येक चिपचा हा मेसेजही वेगळा. सीडीसी आणि पीएल२३०३ मध्ये रिक्वेस्ट २२, व्हॅल्यू ०००३. एफटीडीआयमध्ये रिक्वेस्ट ०१, वरच्या बाइटात 'कुठला बिट बदलायचा' आणि खालच्यात 'काय करायचा': डीटीआरला ०१०१, आरटीएसला ०२०२. सीपीमध्ये हीच तऱ्हा, रिक्वेस्ट ०७. आणि सीएच३४० मध्ये रिक्वेस्ट ए४, डीटीआर २० आणि आरटीएस ४०, पण उलटे पाठवायचे. दोन्ही चालू करायचे तर ००६० नाही, एफएफ९एफ.

आयसोलेटर लावण्याआधी मल्टिमीटर घ्या आणि अडॅप्टरच्या ४ व ५ नंबरच्या पिनांमध्ये व्होल्टेज बघा. डीटीआर चालू असताना ते धन आणि ३ व्होल्टच्या वर हवं. ऋण दिसलं तर बिट उलटा गेलाय. मेसेज पाठवला काय, न पाठवला काय, आकडा शून्याच्या आसपासच राहत असेल तर त्या स्वस्त अडॅप्टरमध्ये ४ नंबरची तार जोडलेलीच नाही. तो बाजूला ठेवा आणि नऊच्या नऊ पिना जोडलेला घ्या.